रात्री दहानंतरचं औषध: सोलापुरातल्या एका रुग्णालयाच्या रात्रसेवेचं परीक्षण

रात्री दहाला फार्मसीचं शटर खाली येतं, कॅज्युअल्टीचं, म्हणजे तातडीच्या विभागाचं, दार उघडंच राहतं. दहा ते सकाळी आठ या वेळात जे पेशंट तपासून, एखादं इंजेक्शन किंवा नेब्युलायझर घेऊन घरी पाठवले जातात, त्यांच्या हातात औषध कसं पडतं, त्याचं हे परीक्षण आहे. रुग्णालय सोलापुरातलं, ट्रस्टचं. नाव देत नाही, कारण खाली लिहिलेल्या उणिवा थोड्याफार फरकाने बऱ्याच ठिकाणी सापडतील, आणि चांगल्या गोष्टी कुणालाही उचलता येतील. दाखल झालेल्या पेशंटला वॉर्डातून औषध मिळतं, त्यामुळे तो भाग इथे नाही.

आधी निकाल सांगतो. कपाट उत्तम, पाकिटं विचार करून बांधलेली, हिशेब चोख. लेबल कच्चं आणि समजावून सांगणं घाईचं. पाचपैकी साडेतीन. उरलेला दीड गुण लेबलावरच गेला आहे, आणि तो कमी वाटत असेल तर लेबलाचा भाग नीट वाचावा.

सोलापुरात रात्रीच्या औषधाची गरज मोठी आहे. पूर्व भागात यंत्रमागाची रात्रपाळी चालते. विड्या वळणारी बाई दिवसाचा हिशेब बुडू नये म्हणून मुलाचा ताप संध्याकाळपर्यंत अंगावर काढते आणि अंधार पडल्यावर रुग्णालय गाठते. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याकडून पेशंट येतात, तसेच विजापूर आणि कलबुर्गीच्या बाजूनेही येतात. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत जानेवारीच्या थंडीत दम्याचे पेशंट वाढतात ते वेगळंच. शहरात रात्रभर उघडी मेडिकल आहेत, पण मध्यरात्री रिक्षा करून, तापलेलं पोर कडेवर घेऊन, लिहिलेलं औषध कुठे मिळेल ते शोधत हिंडायचं म्हणजे किती जिकिरीचं, हे ज्याच्यावर वेळ आली त्याला ठाऊक. म्हणून रुग्णालयानेच सकाळपर्यंत निभावून नेईल एवढं औषध हातात द्यावं, ही या सेवेची मूळ कल्पना. ती बरोबर आहे.

पद्धत अशी आहे. डॉक्टर केस पेपरवर औषध लिहितात आणि कार्बनने त्याची दुसरी प्रत निघते. कॅज्युअल्टीच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्याला कुलूप आहेच, शिवाय दोन्ही हँडलमधून नंबर छापलेलं प्लास्टिकचं सील ओवलेलं असतं. संध्याकाळी फार्मासिस्ट पाकिटं मोजतो, कमी असलेली भरतो, सील लावतो आणि त्याचा नंबर वहीत लिहितो. रात्री पहिलं पाकीट काढताना सिस्टर सील तोडते आणि वेळ लिहिते. सकाळी फार्मासिस्ट कार्बन प्रती, वही आणि कपाटातल्या रिकाम्या जागा जुळवतो आणि नव्या नंबरचं सील लावतो. सील शाबूत असेल तर सकाळी परत मोजायची गरजच नाही. एवढ्याशा सीलमुळे ती मोजणी वाचते, आणि रात्री कुणी वॉर्डासाठी दोन गोळ्या उसन्या नेल्या तर सकाळी लगेच लक्षात येतं. असली कपाटं बिघडायला सुरुवात होते ती अशा उसनवारीपासूनच. वॉर्डातलं इंजेक्शन संपलं, कपाट जवळ, चावी हाताशी. महिनाभरात रात्रीचं कपाट वॉर्डाचं होऊन जातं आणि पहाटे तीनला नेमकं हवं असलेलं पाकीट नसतं. इथे तसं होत नाही, याचं श्रेय सीलला आणि सकाळी आठला न चुकता वही उघडणाऱ्या फार्मासिस्टला.

पाकीट पेशंटच्या हातात कोण देतं, हा कायद्याचा मुद्दा आहे आणि त्याकडे सहसा कुणी पाहत नाही. फार्मसी कायदा 1948 च्या कलम 42 नुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध देणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम. औषध नियम 1945 (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधल्या अनुसूची के मध्ये मात्र डॉक्टरला स्वतःच्या पेशंटला औषध देण्याची मुभा आहे. अट एवढीच की त्याने दुकान मांडलेलं नसावं, औषध परवानाधारकाकडून घेतलेलं असावं आणि खरेदीची बॅच नंबरासह नोंद असावी. म्हणजे रात्री फार्मासिस्ट हजर नसेल तर पाकीट डॉक्टरच्या हातून जायला हवं, लेबल त्यानेच तपासायला हवं. सिस्टरने कपाट उघडून पाकीट काढून आणणं वेगळं आणि तिने ते स्वतःच्या जबाबदारीवर देऊन टाकणं वेगळं. या रुग्णालयात नियम बरोबर लिहिलेला आहे, वहीत डॉक्टरच्या सहीचा रकाना आहे. पण गर्दीच्या रात्री ती सही सकाळी एकदम होते. सही उशिरा झाली म्हणजे पडताळणी झालीच नाही, असं धरून चालावं. डॉक्टरने पाकीट हातात घेऊन नाव, वजन आणि औषध जुळवायला अर्धं मिनिट लागतं, आणि चुका सापडतात त्या त्याच अर्ध्या मिनिटात.

आता पाकिटांकडे येऊ, कारण खरी अक्कल तिथे लावलेली आहे.

लहान मुलांच्या तापाचं पाकीट सगळ्यात जास्त जातं. पॅरासिटामॉलचं सिरप बाजारात दोन ताकदींत मिळतं: 5 मिलीत 120 मिग्रॅ आणि 5 मिलीत 250 मिग्रॅ. तान्ह्यांचे थेंब येतात ते 1 मिलीत 100 मिग्रॅ. दहा किलोच्या मुलाला किलोमागे 15 मिग्रॅ धरले तर एका वेळी 150 मिग्रॅ लागतात. म्हणजे पहिल्या सिरपचे सव्वासहा मिली, दुसऱ्याचे 3 मिली, थेंबांचे दीड मिली. घरी आधीची 120 ची बाटली असते, रात्री हातात पडते 250 ची, आई सवयीने सहा मिली पाजते आणि डोस दुप्पट होतो. थेंबांची बाटली सिरप समजून चमच्याने दिली तर एका चमच्यात 500 मिग्रॅ जातात. या रुग्णालयाने एक शहाणपणाचा निर्णय घेतला आहे: कपाटात एकच ताकद ठेवायची, 120 ची, आणि थेंब ठेवायचेच नाहीत. सोबत 5 मिलीची सुईविना सिरिंज देतात. टोपणावरच्या पुसट रेषेपेक्षा ती शंभर पटीने बरी. घरी कुठली बाटली आहे हे विचारायला मात्र विसरतात. तो प्रश्न चिठ्ठीवरच छापून घ्यावा.

उलट्या करणाऱ्या मुलासाठी पॅरासिटामॉलच्या गुदमार्गाने द्यायच्या वड्याही ठेवल्या आहेत. चांगली सोय, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या कपाटात टिकत नाहीत. मऊ पडून कागदाला चिकटतात आणि आत सरकवता येत नाहीत. जागा फ्रिजमध्ये हवी. फ्रिज दहा पावलांवर आहे.

जुलाबाचं पाकीट साधं: ओआरएस आणि झिंक. साधं म्हणूनच त्यात चूक घडते. ओआरएसच्या पुड्या दोन मापांत येतात. मोठी साधारण 21 ग्रॅमची, 1 लिटर पाण्यासाठी. छोटी चार ग्रॅमच्या आसपास, 200 मिलीसाठी, म्हणजे एका पेल्याला. दोन्ही चकचकीत, दोन्हीवर जवळपास सारखंच चित्र. मोठी पुडी एका पेल्यात घातली की द्रावण पाचपट तीव्र होतं. पोर तोंड वेडंवाकडं करतं, त्याची तहान वाढते, रक्तातलं सोडियम चढू शकतं आणि जुलाब थांबायच्या ऐवजी वाढतात. उलट छोटी पुडी कळशीत घातली तर उपयोग शून्य. इथे फक्त मोठी पुडी देतात आणि पाकिटावर लिटरची बाटली काढलेली आहे. चित्र अजून मोठं हवं, पण विचार योग्य. रात्री तीन पुड्या देतात, कारण तयार केलेलं पाणी 24 तासांनी टाकून द्यायचं असतं आणि तीन दिवस धरले तर तीनच लागतात. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर 50 ते 100 मिली, त्याहून मोठ्याला 100 ते 200 मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत चमच्या-चमच्याने. झिंकच्या 20 मिग्रॅच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या असतात, सहा महिन्यांखालच्या बाळाला अर्धी. कपाटातून चौदाच्या चौदा गोळ्या एकदम देतात. हे ठरवणाऱ्याचं कौतुक करावं असं वाटतं. झिंकसाठी कुणी पुन्हा येत नाही. जुलाब थांबले की विषय संपला असंच घरात धरलं जातं.

दम्याच्या पाकिटात साल्ब्युटामॉलचा पंप आहे, दर फवाऱ्याला 100 मायक्रोग्रॅमचा, 200 फवाऱ्यांचा, आणि स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी. पंप अर्धा कापून देता येत नाही, त्यामुळे पाकीट महाग पडतं. काही ठिकाणी म्हणून पंपाऐवजी सिरप किंवा गोळ्या देऊन वाटेला लावतात. तसं करू नये. गोळीचा असर उशिरा होतो, हात थरथरतात, छाती धडधडते. इथे पंपच देतात. नवा पंप आधी हलवून दोन-तीन फवारे हवेत सोडायचे, मग स्पेसरला लावायचा. एक फवारा, पाच-सहा संथ श्वास, मग दुसरा. दोन फवारे एकदम मारले की औषध स्पेसरच्या भिंतीला चिकटतं. स्पेसर संपलेला असेल तर अर्ध्या लिटरच्या स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं छिद्र पाडून, चिकटपट्टीने फट बंद करून काम भागतं. ही तोडगा म्हणून केलेली गोष्ट नाही, मुलांमध्ये ती तपासलेली आहे. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा पहिला डोस कॅज्युअल्टीतच पाजतात आणि मोठ्या माणसाला पुढचे चार दिवस सकाळी जेवणानंतर 40 मिग्रॅ याप्रमाणे गोळ्या देतात. पाच दिवसांच्या कोर्ससाठी हळूहळू डोस उतरवायची गरज नसते, तरी काही डॉक्टर उतरता क्रम लिहितात, आणि मग कपाटातलं पाकीट जुळत नाही. डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांनी एकदा बसून ठरवावं.

अँटिबायोटिकचं कोरडं सिरप हा नाजूक भाग. बाटलीतली पूड बुडाशी घट्ट बसलेली असते. आधी बाटली तळव्यावर थोपटून पूड सुटी करायची, मग उकळून गार केलेलं पाणी अर्ध्यापर्यंत, खूप हलवायचं, फेस खाली बसू द्यायचा आणि मग खुणेपर्यंत. पाणी थेट मानेपर्यंत भरलं तर औषध पातळ होतं. पूड बुडाला चिकटून राहिली तर पहिले डोस फिके आणि शेवटचे कडक. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट कालवल्यावर फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि सात दिवसांत संपवावं लागतं. इथे सिस्टर स्वतः बाटली कालवून देते आणि तारीख लिहिते. ही उत्तम सवय. फ्रिज नसलेल्या घरासाठी पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्यांचं वेगळं पाकीट हवं होतं, ते नाही. जुना विडी घरकुलसारख्या विडी कामगारांच्या वस्तीतून येणाऱ्या आईला 'फ्रिज आहे का' असं विचारणं औषधाइतकंच महत्त्वाचं आहे.

सेफिक्सिम, लेव्होफ्लॉक्सॅसिन, ट्रॅमॅडॉल, डायझेपाम ही औषधं अनुसूची एच-1 मध्ये येतात. ही अनुसूची मार्च 2014 पासून लागू आहे. एच-1 औषधाची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करावी लागते: डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं असतं. कपाटात यातलं फक्त सेफिक्सिम आहे आणि त्याच्यासाठी लाल पुठ्ठ्याची वेगळी वही. झोपेच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमॅडॉल मुद्दाम ठेवलेलं नाही. रात्री एकला 'पाठ दुखतीय, तीच गोळी द्या' म्हणणारे येतात. कपाटात नाहीच म्हटलं की वाद तिथेच मिटतो. ज्याला खरंच तेवढं दुखतंय त्याला इंजेक्शन देऊन निरीक्षणाखाली ठेवता येतं.

इन्सुलिनचं पाकीट मात्र आम्हाला पटलं नाही. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली 1 मिलीत 40 युनिटची आणि 1 मिलीत 100 युनिटची अशी दोन्ही मिळते. पेनच्या काडतुसात सहसा 1 मिलीत 100 युनिट असतं. 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची केशरी टोपणाची. 100 युनिटचं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये 20 च्या रेषेपर्यंत ओढलं तर अर्धा मिली येतं, म्हणजे 50 युनिट. अडीच पट. पहाटे साखर खाली जाऊन माणूस घामाने निथळतो, बडबडतो, बेशुद्ध पडतो. उलट 40 चं इन्सुलिन केशरी सिरिंजमध्ये 20 पर्यंत ओढलं तर जेमतेम 8 युनिट जातात. कपाटात दोन्ही प्रकारच्या बाटल्या एकाच खोक्यात आणि सिरिंजा बाजूच्या डब्यात सुट्या. इतक्या काळजीने चालवलेल्या कपाटात ही गोष्ट राहून जावी याचं वाईट वाटतं. उपाय सोपा आहे: एकच ताकद ठेवावी आणि बाटलीला तिचीच सिरिंज रबराने बांधून ठेवावी. बांधलेली जोडी चुकत नाही.

इन्सुलिनबरोबर उन्हाळ्याचा प्रश्न येतोच. एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या घरात रात्रीही गारवा नसतो. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत, वापरात असलेली साधारण चार आठवडे थंड जागी. फ्रिज नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, तोंड बांधून मातीच्या पाण्याच्या माठात सोडावी. घरी नेताना बर्फाला बाटली टेकू देऊ नये. गोठलेलं इन्सुलिन परत वितळलं तरी निकामी. ढगाळ दिसणारं इन्सुलिन दोन्ही तळव्यांत दहा वेळा घोळवायचं, खळखळ हलवायचं नाही. ही माहिती पाकिटावर छापलेली आहे, पण इतक्या बारीक अक्षरांत की साखरेने नजर गेलेल्या आजोबांना ती वाचता येणार नाही.

कपाटाची जागाही पश्चिमेच्या भिंतीला आहे. दुपारभर तापलेली भिंत रात्री अकरापर्यंत ऊब सोडत राहते. आत तापमापक टांगलेला आहे, चांगलं. पण त्याचं रीडिंग सकाळी आठला घेतात, जेव्हा सगळं निवलेलं असतं. दुपारी चारला घेतलं तर खरा आकडा कळेल. बहुतेक गोळ्यांवर 25 किंवा 30 अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. कपाट आतल्या भिंतीला सरकवणं हे एका दुपारचं काम आहे.

फिटच्या गोळ्या संपल्यामुळे रात्री आलेला पेशंट हा या सेवेचा खरा लाभार्थी. फेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट किंवा लेव्हेटिरासेटाम अचानक बंद झालं तर आकडी येते, कधीकधी थांबत नाही. तीन दिवसांचं पाकीट देतात. रविवार आणि सण मिळून दुकानं बंद असली तरी तीन दिवस निभतात. व्हॅल्प्रोएट साधं आणि हळूहळू सुटणारं अशा दोन्ही प्रकारांत ठेवलेलं आहे, आणि पेशंटची रिकामी स्ट्रिप पाहिल्याशिवाय कोणतं द्यायचं ते ठरवत नाहीत. हे फार बरोबर आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र कपाटातून देत नाहीत, आधी तपासणी. तेही बरोबर.

कुत्रं चावून आलेल्याला रेबीजची लस कधीही हातात देत नाहीत, तिथेच टोचतात. लस 2 ते 8 अंशांतच ठेवावी लागते, खिशात घालून नेली की गेली. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायला लावतात. लस कातडीच्या थरात टोचायच्या पद्धतीत पुढच्या तारखा तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस, त्या केस पेपरवर मोठ्या शाईने लिहून देतात.

आता लेबल. कट स्ट्रिपपासून सुरू करू. दहाच्या स्ट्रिपमधून सहा गोळ्या देताना कात्री कुठून चालवायची? बॅच नंबर आणि मुदत स्ट्रिपच्या एका टोकाला छापलेली असते. ते टोक पेशंटकडे गेलं तर कपाटात उरलेल्या चार गोळ्यांची मुदत कुणालाच कळत नाही. ते टोक कपाटात राहिलं तर पेशंटकडे निनावी गोळ्या जातात. म्हणून स्ट्रिप कापायच्या ऐवजी आधीच मोजून पाकीट बांधायचं आणि पाकिटावर औषधाचं नाव, ताकद, बॅच, मुदत हाताने लिहायची. या रुग्णालयात ते फार्मासिस्ट दिवसा करून ठेवतो. चारही गोष्टी लिहिलेल्या असतात. तिथपर्यंत सगळं ठीक.

पण रात्री भरायच्या जागा कोऱ्या राहतात. लेबलावर पेशंटचं नाव, तारीख आणि '1-0-1' लिहायला चौकट आहे. हे आकडे सकाळ-दुपार-रात्र या क्रमाने. रात्री अकराला '1-0-1' म्हणजे काय? पहिली गोळी कॅज्युअल्टीत साडेदहाला पाजलेली असते. नातेवाईक घरी पोचतात, लेबलावर रात्रीच्या खान्यात एक दिसतो, म्हणून झोपायच्या आधी दुसरी देतात. पॅरासिटामॉलच्या बाबतीत दोन डोसांत चार तासांपेक्षा कमी अंतर पडतं, फिटच्या गोळीच्या बाबतीत माणूस सकाळी लडखडत उठतो. रात्रीच्या पाकिटावर दोनच ओळी मोठ्या हव्यात: 'पहिला डोस इथे दिला, रात्री 10:30' आणि 'पुढचा डोस, पहाटे 4:30 च्या आधी नाही'. घड्याळाचा आकडा कुणालाही कळतो. दीड गुण इथेच गेला.

भाषेचंही तेच. सोलापुरात पेशंट मराठी बोलतो, कानडी बोलतो, तेलुगू बोलतो, उर्दू बोलतो. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरातली आजी मराठी सहज समजते, पण लिहिलेलं वाचत नाही. सगळी लेबलं फक्त मराठीत आहेत. चार लिप्या एका पाकिटावर मावणार नाहीत हे खरं. म्हणून सूर्य, चंद्र, ताट अशी चित्रं आणि घड्याळाची रिकामी तबकडी छापावी, सिस्टरने पेनाने काटे काढावेत. आणि बोलून दाखवायला लावावं. 'अक्का, आता मला सांगा, घरी जाऊन किती द्यायचं?' एवढं विचारलं की चूक तिथेच कळते. रात्रपाळीच्या मामांपैकी (वॉर्डबॉयपैकी) एखाद्याला तेलुगू येत असतेच, त्यांना बोलवायला संकोच नसावा.

खर्च. पाकिटाचं बिल रात्री कच्चं होतं, छापील किमतीला, मोजलेल्या गोळ्यांएवढंच. जवळ पैसे नसले तर केस पेपर नंबरावर लिहून औषध देतात आणि सकाळी भरायला सांगतात. रात्री पैशासाठी औषध अडवत नाहीत, ही या सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट.

मात्र बाकी औषधांसाठी 'सकाळी येऊन उरलेलं घेऊन जा' हे गावच्या पेशंटला परवडत नाही. मंगळवेढ्याकडून आलेला माणूस एक दिवसाच्या पाकिटासाठी परत सोलापूर गाठणार नाही, तो औषध अर्धवट सोडेल. पत्ता तालुक्याबाहेरचा असेल तर पूर्ण कोर्स द्यावा, शहरातला असेल तर तीन दिवसांचा. सध्या सगळ्यांना एकच माप आहे.

रात्री जाणाऱ्यांनी काय न्यावं तेही सांगतो. चालू गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा, इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज दोन्ही, मुलाचं शेवटचं वजन, घरात आधीपासून असलेली तापाची बाटली आणि कुठल्या औषधाने अंगावर पुरळ उठतं त्याची आठवण. मोबाइलमध्ये स्ट्रिपचा फोटो असला तरी चालतो, पण ताकदीचा आकडा दिसला पाहिजे. छातीत दुखत असेल, दम लागून एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, साप चावला असेल किंवा आकडी थांबत नसेल तर कपाटाचा विचारच करू नये, 108 ला फोन करावा. ते दाखल व्हायचे पेशंट आहेत.

सकाळी वही जुळवल्यावर फार्मासिस्ट रात्रीच्या पेशंटना फोन करतो. औषध कसं दिलं, उलटी झाली का, पुढची चिठ्ठी घ्यायला कधी येणार. अशी विचारपूस फार कमी ठिकाणी होते. अडचण एवढीच की फोन दहाच्या सुमाराला जातात, तेव्हा रात्रपाळीचा माणूस झोपलेला असतो आणि विडी कामगार बाई माल द्यायला कारखान्यावर गेलेली असते. न उचललेल्या फोनपुढे वहीत रेघ मारतात आणि विषय संपतो. एक फेरी दुपारी दोनला आणि एक संध्याकाळी सातला ठेवावी. नंबर लिहितानाच तो कुणाचा, पेशंटचा, मुलाचा की शेजाऱ्याचा, हे बाजूला लिहावं, म्हणजे फोन उचलणाऱ्याला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही ते आधी ठरवता येईल.